चर्चा: रूप पाहून वस्तू घेणे हा ग्राहकाचा भाबडेपणा आहे का?

वर्धारोड_वाचक: मला तसे वाटत नाही. जिथे वस्तू उघडून किंवा चाखून पाहता येत नाही, तिथे तिचे रूप हीच ग्राहकाच्या हाती असलेली माहिती असते. २००९ मध्ये अमेरिकेत ट्रॉपिकाना कंपनीने आपल्या रसाच्या खोक्यावरचे, नळी खुपसलेल्या संत्र्याचे ओळखीचे चित्र काढून रसाचा पेला छापला. रस तोच होता; तरी दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुने खोके परत आणावे लागले. वेष्टन हाही मालाचाच भाग आहे, असे मी यावरून समजतो.

इतवारीकर: आपल्याच उदाहरणाचा अर्थ मी वेगळा लावतो. नेहमीचे खोके फळीवर पटकन ओळखू आले नाही, म्हणून खप पडला असावा. रूप तिथे ओळख पटवण्याच्या कामी येत होते, निवड करण्याच्या नव्हे. देखण्या डब्यातला चहा गिऱ्हाईक एकदा नेईल. दुसऱ्यांदा नेईल तो चवीमुळेच.

काटोलचा_बागायतदार: दुसऱ्यांदाचा प्रश्न डब्यातल्या चहाला लागू पडतो, फळाला नाही, कारण संत्र्यावर बागेचे नाव नसते. आंबिया बहराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची, फळे साधारण ऑक्टोबरपासून तोडणीला येतात. तेव्हा रात्री पुरेशा थंड झालेल्या नसल्यामुळे आतून रसाला आलेल्या फळाचीही साल हिरवट राहते, आणि नागपूरच्या बर्डी बाजारातला ग्राहक ते कच्चे समजून बाजूला सारतो. मग व्यापारी फळे इथिलीन वायूच्या खोलीत ठेवतात. त्याने सालीतले हरितद्रव्य मोडून रंग चढतो. पण संत्रे झाडावरून उतरल्यावर आंब्या-केळ्यासारखे पिकत नाही, त्यामुळे गोडी कणभरही वाढत नाही. म्हणजे ग्राहक ज्या रंगाचे पैसे मोजतो, त्याचा चवीशी संबंधच उरत नाही आणि त्या खोलीचा खर्च शेवटी आमच्या भावातून कापला जातो. शिवाय नागपुरी संत्र्याची सैल साल, जी सोलायला इतकी सोपी, तीच घट्ट सालीच्या चकचकीत किन्नू जातीच्या संत्र्याशेजारी मरगळलेली दिसते. २०१४ मध्ये आपल्या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण सुट्या ढिगावर ते कुठे दिसते?

धरमपेठ_गृहिणी: लाल जाळीच्या पिशवीतून संत्री काढून एकदा ओट्यावर ठेवून पाहावीत. जाळीमुळे फळ प्रत्यक्षापेक्षा अधिक केशरी भासते, आणि हे विकणाऱ्याला पुरते ठाऊक असते. याला माहिती कसे म्हणायचे?

वर्धारोड_वाचक: जाळी ही फसवणूक आहे, हे मान्य. तरीही बागायतदारांच्या प्रतिसादातून माझाच मुद्दा पुढे जातो, असे मला वाटते: ग्राहकाला चुकीची खूण शिकवली गेली, तर योग्य खूणही शिकवता येईल. ढिगाच्या वर एक हिरवट फळ कापून ठेवावे आणि पाटीवर बहराचे नाव लिहावे. त्याने ग्राहक डोळ्यांनीच निवड करील, पण बरोबर करील.

काटोलचा_बागायतदार: कापलेले फळ दुपारपर्यंत सुकते आणि त्यावर माश्या बसतात, ते दिवसभर बदलत राहायचे, तर त्या फळांचे पैसे दुकानदार देणार की आम्ही?

इतवारीकर: दुकानदार तर नक्कीच देणार नाही. मात्र बहराचे नाव लिहिलेली पाटी फुकटात होते, तेवढी मी माझ्या ओळखीच्या फळवाल्याला लावायला सांगतो.