टॅब दप्तरात नको, बांधावर हवा

शाळेत टॅब दिले तर मुलं हाताने लिहायला विसरतील, असं काहीजण म्हणतात. हा मुद्दा पटतो. पण टॅब वर्गात बसून पुस्तकाची पीडीएफ वाचायला दिला तरच. आमच्या गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातल्या शाळेत सातवीची मुलं टॅब घेऊन खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावर गेली. भरतीला मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवण्या-सोडण्याच्या वाटेची, दारं पाण्याच्या दाबाने आपसूक मिटतात, ओहोटीला उघडतात. मुलांनी दर १५ मिनिटांनी पट्टीवरची पातळी टॅबमध्ये भरली. आलेख तिथल्या तिथे वर चढताना बघून एकजण ओरडला, "सर, पाणी वळलं!" तोच आलेख दुसऱ्या दिवशी वहीत हातानेच काढून घेतला.

खरी डोकेदुखी चार्जिंगची. वर्गात प्लग दोन, त्यातला एक पंख्याचा. आणि जूनमध्ये वीज कधी जाईल, देव जाणे!