गावातले कॉम्प्युटर गावातल्याच मुलांनी दुरुस्त करायचे, तर शिकवायला सुरुवात कुठून?

प्रश्न (धडगाव)
वाचनालयात 6 जुने डेस्कटॉप आहेत. काही बिघडलं की शहाद्याहून माणूस बोलवावा लागतो, तोवर सगळं बंद. अकरावी-बारावीची मुलंमुली शिकायला तयार आहेत, टायपिंग-एक्सेल येतं. दुरुस्तीत आधी काय घ्यावं?

उत्तर (चोपडा)
दादा, आधी वीज. वायरमनला सोबत घेऊन मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) धरायला शिकवा. फेज-न्यूट्रल 230 व्होल्टच्या आसपास हवं, न्यूट्रल-अर्थिंग साधारण दोन-तीन व्होल्टच्या आत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात जमीन कोरडी पडते, अर्थिंग कमजोर होतं आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहायचं.

मग रॅम, म्हणजे मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) बसवलेली मेमरीची पट्टी. मशीन नुसतं बीप देतं, स्क्रीन काळी, यात बऱ्याचदा एवढंच असतं. प्लग काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा, रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबराने पुसा, क्लिप टक् वाजेपर्यंत बसवा.

तिसरं, ज्यात मुलं हमखास फसतात: "नेट चालत नाही." आधी तारीख बघायला लावा. मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपला की तारीख मागे जाते, वेबसाइटचं सर्टिफिकेट (ती खरी असल्याचा मुदतीचा दाखला) अवैध दिसतं आणि पोरं उगाच राउटर रिसेट करत बसतात.

उत्तर (शिरपूर)
नेटच्या केबलला प्लग लावणंही शिकवाच. आतल्या तारांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वरचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ बसली की तारा सुटतात. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल घेऊ नका, वाकवली की आत तुटते.

उत्तर (धुळे)
बारावीनंतर ही मुलं बाहेरगावी जाणार, हे धरूनच चला. प्रत्येकाच्या हाताखाली आठवी-नववीचं एक मूल द्या. दुरुस्ती धाकट्याने करायची, मोठ्याने फक्त बघायचं. समजावणं मुलांच्या पावरी बोलीत होऊ द्या. नोंदवहीत लक्षण, काय तपासलं, काय बदललं, एवढंच लिहायचं.

प्रश्नकर्ता
सेल बदलला तर फाइली जातील का?

उत्तर (चोपडा)
नाही, त्या हार्डडिस्कवर असतात. बायोसची (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग मात्र मूळपदावर जाते. म्हणून सेल काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, खासकरून साटा मोडचा, म्हणजे मशीन हार्डडिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतं त्या सेटिंगचा. तो एएचसीआयवरून आयडीईवर गेला तर विंडोज सुरूच होत नाही, आणि डिस्क गेली समजून लोक नवी विकत आणतात.