मदत हवी आहे: आई-बाबांचा बिझनेस क्लास प्रवास आणि मुंबई विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) चं लाउंज

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडचे. पुढच्या महिन्यात आई-बाबा दादाकडे बॉस्टनला निघालेत, मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून दादाने हट्टाने बिझनेस क्लासची तिकिटं काढली. पाय पसरून झोपायला मिळणार, याचंच मला सर्वांत मोठं समाधान आहे.

विमान मध्यरात्रीनंतरचं. बोरघाटात कधी अडकायला होईल सांगता येत नाही, म्हणून दुपारीच निघायचं म्हणतोय. पण चेक-इन काउंटर साधारण तीन-चार तास आधी उघडतात, आणि लाउंज (बिझनेस क्लासवाल्यांना आरामात थांबायची जागा) इमिग्रेशन, सिक्युरिटीच्या पलीकडे. लवकर पोचलो तर तोवर दोघांना बसवायचं कुठे?

मुख्य काळजी व्हीलचेअरची. मदतनीस लाउंजपर्यंत सोडतो, पण बोर्डिंगच्या वेळी न्यायला परत येतो का, की काउंटरवर आधी सांगून ठेवावं लागतं? लाउंजमध्ये बोर्डिंगची घोषणा बहुतेक होत नाही म्हणतात, आणि बाबांना बसल्या बसल्या डोळा लागतो. फ्रँकफर्टला गेट लांब असेल तर तिथल्या लाउंजमध्ये जावं, की सरळ गेटजवळ बसावं?

जेवणासाठी ‘एशियन व्हेजिटेरियन’ नोंदवलंय. आईचं इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

अशा वयाच्या कुणाला नुकतंच पाठवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. व्हीलचेअरबद्दल तर नक्कीच.