मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या सफोकचं जुनं घर, भिंतीत ओल, एजंटची घाई

मृण्मयी_के:
लॅव्हनमजवळच्या खेड्यात घर पसंत केलंय. लाकडी चौकटीचं, बाहेरून फिकट गुलाबी, आत मोठं फायरप्लेस, मागे सफरचंदाची झाडं. 5,25,000 पौंडांची ऑफर मान्य झाली. आता सर्व्हेत खालच्या मजल्यावर सगळीकडे ओल निघाली. ओल काढणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणतो, भिंतीत ओल अडवणाऱ्या रसायनाचं इंजेक्शन देऊन आतून नवं प्लास्टर करू. एजंट रोज फोन करतोय, म्हणे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. इंजेक्शन करून घ्यावं की घर सोडावं? शुक्रवारपर्यंत कळवायचंय, प्लीज लवकर सांगा.

चुन्याची_भिंत:
घर लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा यादीतलं, आहे का? बाहेरचा गिलावा चुन्याचा की सिमेंटचा? सर्व्हे लेव्हल टू, म्हणजे साधा, की लेव्हल थ्री, म्हणजे सखोल? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

वास्तुरंग:
मुख्य दाराची दिशा सांगा. ईशान्येला फायरप्लेस असेल तर आधी त्याचा विचार करा.

मृण्मयी_के:
दार रस्त्याकडे आहे, दिशा नंतर बघू. लिस्टेड आहे, ग्रेड टू, तिकडची बहुतेक जुनी घरं असतातच. सर्व्हे लेव्हल टू. बाहेरचा गिलावा आत्ताच्या मालकांनी नवा केलाय, छान गुळगुळीत आहे. माझा प्रश्न इंजेक्शनचा आहे.

चुन्याची_भिंत:
तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या गुळगुळीत गिलाव्यातच आहे. या घरांत ओकचे खांब, मधे काटक्यांची विण, तिच्यावर गवत मिसळलेली माती आणि वरून चुना. भिंत ओलावा घेते आणि सोडते. वर सिमेंट थापलं की फटीतून शिरलेलं पाणी आतच राहतं आणि जमिनीलगतची आडवी तुळई कुजायला लागते. इंजेक्शन विटांच्या सांध्यांसाठी असतं, लाकूड-मातीच्या भिंतीला त्याचा उपयोग नाही. ओल मोजायला भिंतीत टोचतात ते यंत्र मुळात लाकडासाठी बनवलेलं; प्लास्टरमध्ये क्षार असले तरी आकडा वर जातो. लाकडी चौकटीची घरं रोज बघणारा सर्व्हेयर शोधा आणि लेव्हल थ्री करून घ्या. विल्यम मॉरिसने 1877 मध्ये जुन्या इमारतींसाठी काढलेली संस्था, एसपीएबी, फोनवर फुकट सल्ला देते. आधी तिथे बोला. आणि इंजेक्शन काय, गिलावा काढणं काय, लिस्टेड घरात काउन्सिलची परवानगी आधी लागते.

राजापूरकर:
अगदी पटलं. आमच्या जांभ्याच्या भिंतींना काकांनी सिमेंट लावलं, पुढच्याच पावसाळ्यात आतून पोपडे सुटले. आता गावात चुन्याचं काम जाणणारा गवंडीच मिळत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

केंब्रिजकर:
मालकांनी गिलावा बदलला, अजून काय बदललं? परवानगीचे कागद पाहिलेत?

मृण्मयी_के:
मागच्या बाजूला प्लास्टिकच्या डबल ग्लेझिंग खिडक्या बसवल्यात. त्याने घर उबदारच राहील ना? कागद सॉलिसिटर बघेल.

लंडन_अप्पा:
बदल करून दहा वर्षं होऊन गेली असतील तर काउन्सिल काही करू शकत नाही. निश्चिंत घ्या.

केंब्रिजकर:
अप्पा, तो नियम साध्या घरांच्या बांधकाम परवानगीचा, म्हणजे प्लॅनिंगचा. लिस्टेड घरात विनापरवाना बदल हा 1990 च्या कायद्याने गुन्हा आहे. खटला बदल करणाऱ्यावर होतो, पण पूर्ववत करा अशी नोटीस आजच्या मालकाला येते आणि तिला कालमर्यादा नाही.

लंडन_अप्पा:
मग काउन्सिलच्या, जुन्या इमारती बघणाऱ्या कॉन्झर्वेशन ऑफिसरला फोन करून सरळ विचारावं. लपवायचं काय त्यात?

केंब्रिजकर:
मृण्मयीताई, सॉलिसिटरशी बोलल्याशिवाय तो फोन करू नका. असल्या वेळी विकणारे सहसा इन्डेम्निटी विमा, म्हणजे पुढे नोटीस आली तर नुकसान भरून देणारा विमा, देऊ करतात, आणि काउन्सिलला एकदा कळवलं की तो मिळत नाही. मी तर म्हणेन, विम्यावर न थांबता मालकांनाच परवानगी मिळवायला लावा किंवा किंमत उतरवा.

एनआरआय_मित्र:
भारतातून पैसे आणताना एलआरएसची, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेची, मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, हे विसरू नका.

मृण्मयी_के:
पैसे तिकडून आणायचेच नाहीत. कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिलाय, तो विकणार नाही.

केंब्रिजकर:
कोथरूडचा फ्लॅट कुणाच्या नावावर? आणि इथे सध्या भाड्याने राहता का?

मृण्मयी_के:
हो, कोल्चेस्टरला भाड्याने. फ्लॅट ह्यांच्या नावावर, घर फक्त माझ्या नावावर घेणार. त्याचा ओलीशी काय संबंध?

केंब्रिजकर:
ओलीशी नाही, स्टॅम्प ड्यूटीशी आहे. जगात कुठेही 40,000 पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचं घर असेल तर इथलं घर जादाचं धरतात, आणि पूर्ण किमतीवर आणखी 5 टक्के लागतात. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोंना यात एकच मानतात, त्यामुळे फक्त तुमच्या नावावर घेऊन सुटका नाही. तुमचे 16,250 होत होते, ते 42,500 होतील. सॉलिसिटरला आजच लेखी विचारा. एजंटला घाबरू नका, करार एक्स्चेंज होईपर्यंत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सह्या केलेल्या प्रतींची अदलाबदल होईपर्यंत, तुम्ही बांधील नाही.

मृण्मयी_के:
हे ब्रोकरने एका शब्दाने सांगितलं नाही. आता शुक्रवारी होकार देत नाही, लेव्हल थ्री होऊ दे. पण घर मला हवंय, मुलांनी झाडंसुद्धा वाटून घेतलीत.

चुन्याची_भिंत:
मग सर्व्हेयरला ती जमिनीलगतची तुळई टोचून बघायला सांगा, विशेषतः खिडक्यांखाली. बाहेरची माती तिच्या वर चढलीय का? फोटो टाका.