दोघींनी मिळून केलेल्या एका चित्राला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. पणजीत दोन चित्रकर्तींचं प्रदर्शन लागतंय आणि चित्रांशेजारच्या मराठी पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलंय. अकरा चित्रं आहेत, प्रत्येक चित्र दोघींचं. एक रंगवते, दुसरी कागद डकवते, मग पहिली त्या कागदावरून पुन्हा हात फिरवते. एका चित्रात पंचांगाचं फाडलेलं पान आहे, त्यावरून पातळ काव सोडलेली. सगळं पान तांबडं झालंय, फक्त 'एकादशी' एवढीच अक्षरं वाचता येतात. ती कोणी राखली म्हणून विचारलं, तर दोघींनाही आठवेना.

माध्यमाचं मी ठरवलंय. 'मिश्र माध्यम' रुळलेला शब्द आहे, पण त्यातून बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा जिन्नसच लिहीन: काव, चुना, पंचांगाची पानं. देवळांच्या भिंतींवर कावी कला पाहिलेल्या गोंयकाराला काव आणि चुना वेगळे समजावायला नकोत. 'कोलाज' तसाच ठेवणार. फ्रेंचमध्ये त्याच्या मुळाशी 'डकवणं' हेच क्रियापद आहे. 'चिकटचित्र' मला नको वाटतं, चित्रच हाताला चिकटेल असा भास होतो. 'चिकटकाम' म्हटलं की शाळेतला कातरकामाचा तास आठवतो.

अडलंय ते दोघींपाशी. 'सहयोगी चित्र' लिहावं, तर 'अमक्यांच्या सहयोगाने' म्हणजे सभागृह कोणी दिलं, असा अर्थ कानांत बसलाय. 'संयुक्त' तर आणखी घोटाळ्याचा. संयुक्त प्रदर्शनात भिंत एक असते, चित्रं ज्याची त्याची. काय म्हणावं?

फोंड्याहून:
'जुगलबंदी' का नको? सगळ्यांना कळतो, आणि त्यात दोघांचा मान सारखा राहतो.

म्हापशाहून:
जुगलबंदीत दोन्ही गळे शेवटपर्यंत वेगळे ऐकू येतात, तीच तर तिची गंमत. ताई म्हणतात त्या चित्रात कोणाचं काय हेच उरलेलं नाही. या संदर्भात पिकासो आणि ब्राक हे दोन चित्रकार आठवतात. 1912 च्या मे महिन्यात पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड चित्रात घातलं, भोवती दोर गुंडाळला. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्राकने लाकडाच्या रेषांचा भिंतीचा कागद विकत आणून चित्रात डकवला. ब्राक मुळात घरं रंगवणाऱ्यांच्या घरातला, खोटं लाकूड रंगवायचं कसब त्याच्या हातात होतं. त्या वर्षांत दोघं बरेचदा सही कॅनव्हासच्या मागे करत, आणि काही चित्रं कोणाची हे आजही पटकन ओळखू येत नाही. तरी कॅनव्हास ज्याचा त्याचाच होता. ताईंची गोष्ट त्याच्याही पुढची आहे, म्हणून शब्दही तसा हवा.

पेडण्याहून:
'जोडचित्र' म्हणा. जोडाक्षरासारखं. 'प्त' मध्ये प आणि त दोन्ही दिसतात, पण 'क्ष' मध्ये क आणि ष शोधून सापडत नाहीत. दोन्हींना आपण जोडाक्षरच म्हणतो. त्या दोघींची काही चित्रं 'प्त' सारखी असतील, काही 'क्ष' सारखी.

फोंड्याहून:
जुगलबंदी मागे घेतो. पण 'जोडचित्र' वाचून शेजारी शेजारी लावलेली दोन चित्रं डोळ्यांपुढे येतील.

सुरुवात करणारी मी:
ही शंका मलाही आली. शेजारी शेजारी लावलेल्या दोन चित्रांना 'चित्रजोडी' म्हणता येईल. जोडी म्हटलं की दोन नग आलेच, चपलांची असो वा बैलांची. 'जोड' पुढे आला की मात्र शेवटी एकच वस्तू उरते: जोडाक्षर, जोडशब्द. काल संध्याकाळी दोघींना 'क्ष' ची गोष्ट सांगितली. पंचांगाच्या चित्रापाशी जाऊन त्या दोघी बराच वेळ काही न बोलता उभ्या राहिल्या. मग एक म्हणाली, हे 'क्ष'. पाटी अशी केलीय:

जोडचित्र, कोलाज. काव, चुना, पंचांगाची पानं, कॅनव्हासवर.

नावं पाटीवर नाहीत. ती दोघींनी चित्राच्या मागे लिहिली आहेत, एकाच ओळीत.