प्रोपेनपासून १-ब्रोमोप्रोपेन कसं बनवायचं? ब्रोमिन मधल्याच कार्बनवर बसतंय

प्रश्न
बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. टेस्टमध्ये प्रोपेन ते १-ब्रोमोप्रोपेन (म्हणजे ब्रोमिन टोकाच्या कार्बनवर) असं कन्व्हर्जन होतं, मी सरळ ब्रोमिन आणि लाइट लिहून मोकळा झालो, सरांनी लाल पेनने '२-ब्रोमो' लिहून भोपळा दिला. पण टोकांना सहा हायड्रोजन आहेत आणि मध्ये दोनच, मग ब्रोमिन मध्ये का जातं? क्लोरिन घेतलं तर?

उत्तर १
अरे नुसते हायड्रोजन मोजून भागत नाही, प्रत्येक हायड्रोजन किती सहज निघतो तेही बघावं लागतं. क्लोरिनला सेकंडरी (मधला) हायड्रोजन प्रायमरीच्या (टोकाच्या) साधारण ३.८ पट सोपा. म्हणजे टोकाचे ६ × १ = ६ आणि मधले २ × ३.८ = ७.६, जवळपास निम्मंनिम्मं मिश्रण. ब्रोमिनला तोच आकडा ८२, म्हणजे ६ विरुद्ध १६४, ९६ टक्क्यांच्या वर २-ब्रोमो. ब्रोमिन रॅडिकल (लाइटने सुटा झालेला, एकटा इलेक्ट्रॉन असलेला ब्रोमिन अणू) आळशी असतं, हायड्रोजन काढायला त्याला ऊर्जा लागते म्हणून जिथे बाँड जरा कमजोर तिथेच जातं.

उत्तर २
एका स्टेपमध्ये करायचा हट्ट सोड, ब्रोमिनला जायचंय तिथे जाऊ दे. २-ब्रोमोप्रोपेन कर (प्रोपेन जास्त घे, नाहीतर डायब्रोमो होतं), मग गरम अल्कोहोलिक केओएच (अल्कोहोलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड), प्रोपीन (डबल बाँडवालं अल्कीन) गॅस बाहेर पडतो, कुठल्याही बाजूचा हायड्रोजन गेला तरी प्रोपीनच. मग पेरॉक्साइड टाकून एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड), ब्रोमिन टोकाला बसतं, झालं १-ब्रोमोप्रोपेन. क्लोरिनचं मिश्रण इथे घेऊ नको, कारण १-क्लोरोवर अल्कोहोलिक केओएच बराचसा सबस्टिट्यूशन करून (प्रोपीन न देता क्लोरिनच्या जागी दुसरा गट बसवून) ईथर देतो, माल वाया जातो.

प्रश्नकर्ता
हे भारी आहे दादा! मग १-क्लोरो हवं असेल तर शेवटी एचसीएल आणि पेरॉक्साइड चालेल?

उत्तर २
नाही, इथे खूप जण मार्क घालवतात. एचसीएलचा बाँड इतका मजबूत की कार्बन रॅडिकलला त्यातून हायड्रोजन ओढता येत नाही, रॅडिकलची साखळी-रिअ‍ॅक्शन (चेन) तुटते. एचआयमध्ये (हायड्रोजन आयोडाइड) उलटं, आयोडिन रॅडिकल डबल बाँडवर नीट बसतच नाही. फक्त एचबीआरमध्ये दोन्ही स्टेप्स जमतात. खराश आणि मेयो या केमिस्टांनी १९३३ मध्ये शिकागोला हे पकडलं, हवा लागलेल्या अल्कीनमध्ये पेरॉक्साइड तयार व्हायचं आणि त्यामुळे प्रॉडक्ट बदलायचं. १-क्लोरोसाठी प्रोपीनवर हायड्रोबोरेशन (बोरेन जोडून मग ऑक्सिडेशन) करून प्रोपॅन-१-ऑल (टोकाला ओएच असलेलं अल्कोहोल) कर आणि थायोनिल क्लोराइड लाव. पेपरात 'पेरॉक्साइड' बाणावर लिहायला विसरू नको, नाहीतर फिरून २-ब्रोमोच.