शब्दचर्चा: ‘चार्ज’ म्हणजे ओझं, पण कुणावर?

‘ती आपले शुल्क घेऊन बागेत गेली.’

एका अनुवादाची मुद्रितं तपासताना हे वाक्य समोर आलं आणि मी तिथेच अडकलो. आधी वाटलं, मधली ओळ गळली असेल. मूळ इंग्रजी काढून पाहिलं, तर ते होतं ‘शी टुक हर चार्जेस टु द पार्क’. बाई मुलं सांभाळायचं काम करणाऱ्या. चार्जेस म्हणजे त्यांच्या हवाली केलेली पोरं. अनुवादकाला हसलो खरा, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर चार्जेस म्हटलं की बिलच आठवतं. मलाही तेच आठवलं होतं.

म्हणून हा शब्द जरा खणून पाहिला. कोशात अर्थांची ही मोठी रांग: पैसे आकारणं, आरोप, हल्ला, हुद्द्याची सूत्रं, विजेचा भार, बंदुकीतली दारू, ढालीवर काढलेलं चिन्ह. पाठ करायला बसलं तर डोकं फिरेल. पण बुंधा एकच आहे. लॅटिनमध्ये चाकाच्या गाडीला ‘कारुस’ म्हणत, त्यावरून ‘कारिकारे’ म्हणजे गाडीत माल लादणं. तिथून जुन्या फ्रेंचच्या वाटेने शब्द इंग्रजीत आला तो ओझं, ओझं लादणं हा अर्थ घेऊनच. ‘कार’, ‘कॅरी’, ‘कार्गो’ ही सगळी भावकी. ‘कॅरिकेचर’सुद्धा त्याच घरचं: इटालियनमध्ये लादलेलं, म्हणजे नाकावर नि हनुवटीवर अंमळ जास्तच भर टाकलेलं चित्र. (आपण त्याला अर्कचित्र म्हणतो. त्यांनी भर टाकली, आपण आटवून अर्क काढला. मला आपलं जास्त पटतं.)

हे एकदा ध्यानात आलं की वाक्यात चार्ज दिसल्यावर एवढंच बघायचं: कुणाच्या अंगावर काय टाकलंय? पैशांचं ओझं टाकलं तर आकार किंवा शुल्क. कामाचं टाकलं तर कार्यभार. गुन्ह्याचं टाकलं तर आरोप. आणि गंमत म्हणजे आपला ‘आरोप’ही मुळात तसलाच. संस्कृतात आरोपण म्हणजे एखादी गोष्ट दुसरीवर चढवणं, ठेवणं, रोवणं. वृक्षारोपणातला आणि दोषारोपातला आरोप एकच. एकात रोप मातीत, दुसऱ्यात दोष माणसाच्या माथी.

खरी फसगत होते ती ‘चार्ज्ड विथ’पाशी. ‘ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवला. ‘ही वॉज चार्ज्ड विथ इन्व्हेस्टिगेटिंग द थेफ्ट’ म्हणजे चोरीच्या तपासाची जबाबदारी त्याच्यावर सोपवली. घाईत दुसऱ्याचं भाषांतर पहिल्यासारखं झालं की तपास अधिकारीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. ‘विथ’च्या जागी ‘फॉर’ आला की पैसे, ‘अॅट’ आला की अंगावर धावून जाणं. म्हणजे अर्थ ठरवतं ते मागून येणारं अव्यय. चार्ज नुसता गाडी जोडून उभा असतो.

तसंच ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’. मधल्या एका ‘द’ने मालक-चाकर उलटतात. नर्स ‘इन चार्ज ऑफ’ पेशंट असते. पेशंट ‘इन द चार्ज ऑफ’ नर्स असतो. मराठीत हा घोळ होत नाही, कारण आपण एकदा ‘ती बघते’ म्हणतो आणि एकदा ‘तिच्या देखरेखीखाली आहे’ म्हणतो.

न्यायालयाच्या बातम्यांत अजून एक सरमिसळ दिसते. पोलिसांनी चार्जशीट दाखल करणं म्हणजे आरोपपत्र देणं. न्यायालयाने चार्ज फ्रेम करणं म्हणजे आरोप निश्चित करणं. ती पुढची पायरी. आरोपपत्र आलं म्हणजे आरोप ठरले असं नव्हे, मधे न्यायाधीश कागद बघून ठरवतात की खटला चालवण्याजोगं काही आहे का. दोन्हींना सरसकट ‘आरोप ठेवले’ म्हटलं की वाचणाऱ्याला कळत नाही प्रकरण कुठवर आलंय. कर्जाच्या कागदपत्रांतला चार्ज आणखी वेगळा. तारण मालमत्तेवर सावकाराचा जो हक्क बसतो तो चार्ज. त्याला मराठीत नेमका शब्द आहे आणि तोही ओझ्याचाच: बोजा. जमिनीच्या उताऱ्यावर बँकेचा बोजा चढतो, कर्ज फिटलं की उतरतो. कोश उघडायच्या आधी कुणा तलाठ्याला विचारलं असतं तर मूळ अर्थ चटकन हाती लागला असता.

आता विजेचा चार्ज. मला सगळ्यात रंगतदार वाटला तो हाच. जुन्या बंदुकीत दारू-गोळी ठासून भरत. तेवढ्या एका भरण्याला चार्ज म्हणत. आपल्याकडे त्याला बार म्हणतात. बार भरला, बार उडाला, फुसका बार, हे सगळं तिथलं. शस्त्र असं सज्ज करण्यातूनच शत्रूवर तुटून पडण्याचा अर्थ निघाला असावा. पुढे १७४५-४६च्या सुमारास लेडन बरणी आली: काचेची बरणी, आतबाहेर धातूचा पत्रा, आणि तिच्यात वीज साठवून ठेवता येते असा शोध. वीज म्हणजे कसलासा प्रवाही पदार्थ आहे आणि तो बरणीत भरतात, अशी तेव्हाची समजूत. भरायची ती बरणी, मग स्पर्श करताच फाडकन रिकामी होणार. बंदुकीची आठवण व्हायला आणखी काय हवं? भरणं ते चार्ज, उडणं ते डिस्चार्ज.

अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनने, जो विजेवर प्रयोग करायचा, १७४९मध्ये पत्रात लिहिलंय की खिडकीच्या मोठ्या काचेची अकरा तावदानं, प्रत्येकाला शिशाचे पातळ पत्रे, अशी जोडून त्यांनी ‘इलेक्ट्रिकल बॅटरी’ बनवली. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. म्हणजे आज खिशातल्या फोनची बॅटरी चार्ज करतो तेव्हा आपण तोफखान्याचीच भाषा बोलत असतो. (बॅटरीच्या मुळाशी ‘झोडपणं’ आहे. म्हणून इंग्रजी कायद्यात बॅटरी म्हणजे मारहाण. तो वेगळा धागा, इथे नको.) धन आणि ऋण या खुणाही फ्रँकलिनच्याच. १८९७मध्ये इलेक्ट्रॉन सापडला आणि तो निघाला ऋण, त्यामुळे तारेत इलेक्ट्रॉन एकीकडे जातात आणि आपण विद्युतधारेचा बाण धनाकडून ऋणाकडे, म्हणजे बरोबर उलटीकडे काढतो. ते आता कुणी बदलायला धजत नाही.

मराठीत विजेच्या चार्जला विद्युतभार म्हणावं की विद्युत प्रभार? भार सरळ आहे, पण भार म्हणजे वजनही, आणि विज्ञानात दोन्ही शेजारी आले की पंचाईत. इथे प्रभार बरा. मात्र कचेरीत शिरला की हाच शब्द वेगळा वागतो. मराठीत ‘प्रभारी मुख्याध्यापक’ म्हणजे तात्पुरते, कायमचे येईपर्यंत खुर्ची सांभाळणारे. हिंदीत ‘थाना प्रभारी’ म्हणजे ठाण्याचा प्रमुखच. हिंदी बातमीवरून मराठी बातमी करताना प्रभारी तसाच उचलला, तर पूर्णवेळ ठाणेदार हंगामी होऊन बसतो. अशी बातमी मी वाचली आहे.

‘इमोशनली चार्ज्ड’ला काही जण ‘भारलेलं वातावरण’ लिहितात. शब्द छान बसतो, पण जपून. भारलेलं म्हटलं की आपल्याला मंत्र, गाणं, दिपून गेलेले लोक दिसतात. ‘पॉलिटिकली चार्ज्ड’ बैठकीत कुणी दिपलेलं नसतं, तिथे ठिणगी पडायची वाट असते. तिथे सरळ ‘तापलेलं’ लिहावं.

आणि आपण मराठीत या शब्दाचं जे केलंय तेही नोंदवून ठेवतो. फोन बंद पडायला आला की आपण म्हणतो, ‘चार्जिंग संपलं.’ म्हणजे साठवलेली वीज संपली. इंग्रजाच्या कानाला ‘चार्जिंग इज ओव्हर’चा अर्थ बरोबर उलटा: भरून झालं, आता वायर काढ. मी स्वतः परदेशी सहकाऱ्याला हे वाक्य ऐकवून वर चार्जर मागितला आहे. तो बिचारा गोंधळून माझ्या फोनकडे बघत राहिला. ‘चार्जिंग संपलं’ला मी चूक म्हणणार नाही. शब्द आपल्याकडे आला, आपण त्याला आपल्या कामाला जुंपलं.

राहता राहिले बागेतले शुल्क. अशा हवाली केलेल्या मुलांसाठी एकच आटोपशीर नामशब्द मला मराठीत सापडला नाही. ‘पाल्य’ जवळचा, पण पाल्य पालकांचे. पगारी सांभाळणाऱ्या बाईंचे नव्हेत. ‘तिच्याकडे सोपवलेली मुलं’ केलं तर वाक्य लांबतं. शेवटी मुद्रितात ‘ती पोरांना घेऊन बागेत गेली’ एवढंच ठेवलं. आधीच्याच पानावर मुलं तिच्या हवाली झाली होती.